दहा लाखांत एकोणीस

टेरा होटला टपाल साडेतीनला येतं.
खोक्यात शंभरेक बाटल्या,
खोकल्याच्या औषधाच्या असतात तेवढ्या,
आणि प्रत्येकीत काळं तेल,
कुणाच्या तरी ट्रकच्या पोटातून गरम असतानाच काढलेलं,
मधल्या धारेचं. पहिलं नाही, शेवटचं नाही.

माझे आजोबा गुजरीतले झारेकरी.
सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून न्यायचे,
पाण्यात घोळवायचे, पारा घालायचे.
आठवड्याच्या कचऱ्यातून गुंजभर सोनं निघालं
तर त्या रात्री घरात मटण.
मी एमएस्सी केलं, व्हिसा काढला,
आणि इंडियानात येऊन तेच करते :
मळातून धातू काढते.
फक्त इथं धातू सापडला की कुणी खूश होत नाही.

थेंब ज्वाळेत जातो.
सूर्याच्या कातडीहून तापलेली ज्वाळा,
तिथं कुणाला खोटं बोलता येत नाही.
तांबं हिरवं बोलतं, सोडियम पिवळं,
लोखंड शंभर रंगांत एकदमच कुरकुरतं.
सिलिकॉन वाढलं, म्हणजे धूळ; हवेचा फिल्टर बघा.
सोडियम वाढलं, म्हणजे कुलंट झिरपतंय कुठून तरी.
आणि नुसतं शिसं,
एकटंच, दम खात जिना चढणाऱ्या माणसासारखं…

युनिट सात. ऑर्व्हिल क्रेप्स. नऊ लाख ऐंशी हजार मैल.
चार वर्षं त्याच्या चिठ्ठ्या वाचतेय :
तारीख, मैल, तेलाचा प्रकार.
शेऱ्याचा रकाना कोरा.
शिसं तीन. चार. तीन.
मार्चमध्ये अकरा.
मी लिहिलं, पुढचा नमुना लवकर पाठवा.
नाही पाठवला.
जूनमध्ये बाटली आली ती दुसऱ्याच अक्षरात,
गोल, पाटीवर गिरवल्यासारख्या,
रकाना सोडून समासात शिरलेल्या :
'तो म्हणतो काही झालेलं नाही.
मला ऐकू येतंय. ट्वायला.'

शिसं एकोणीस.

दहा लाखांत एकोणीस म्हणजे काहीच नव्हे.
एवढं मीठ आमटीत पडलं तर जिभेला पत्ता लागणार नाही.
माझ्या यंत्राला त्यासाठी आर्गॉनची टाकी लागते.
तिला शेजारच्या सीटवर बसून,
मांडीवर थर्मास धरून,
चढावर कळलं होतं
आवाजाखालचा तो दुसरा आवाज.

आपल्यात म्हणतात, चंदनासारखं झिजावं.
सहाणेला कुणी विचारत नाही
महिन्याला किती, आणि आता उरलंय किती.
आईच्या बाबतीत मीही नाही विचारलं.

मी फोन केला. नियमात बसत नाही ते.
ऑर्व्हिलनंच उचलला.
म्हटलं, बेअरिंगवर आधी शिशाचा थर असतो,
त्याखाली तांबं, त्याखाली पोलाद.
तांबं अजून सहावर आहे.
म्हणजे वेळ आहे.
तो गप्प. मागे रेडिओवर मक्याचे भाव.
मग म्हणाला, 'तिनं काय लिहिलं होतं तुम्हाला?'
मी म्हटलं, 'मैल.'

ऑगस्टात पाकीट आलं.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली बेअरिंगची अर्धी वाटी,
राखाडी, आणि मधोमध नखाएवढ्या जागेत
तांबडं फुटू लागलेलं.
चिठ्ठी नाही.
खिडकीत ठेवलीये.
आजोबा असते तर आधी कसाला लावली असती.

परवा नव्या बेअरिंगांचा पहिला नमुना.
लोखंड सत्तर, तांबं तीस, सगळंच चढलेलं.
रकान्यात त्याचं अक्षर, पहिल्यांदाच : 'आता काय?'
खाली तिचं, नुसतं प्रश्नचिन्ह.

मी लिहिलं :
घाबरू नका. नवीन जुळताना जास्तच झिजतं.
भाग एकमेकांत बसतायत.
पुढचं तेल दहा हजार मैलांवर.

रकान्यात अजून जागा होती.
तशीच ठेवली.