कूळ

पूर्णगडच्या खाडीत, सुकतीला,
रुकय्या सोलकर टाचेनं तिसऱ्या शोधते
आणि मी चमच्यानं चिखल.
तिची पाटी अर्धी झाली, माझ्या तीन कुप्या.
"ह्याला घेतं कोण विकत?"
कोणी नाही, मी म्हणते.
"मग भाव तरी जास्त लाव."

वरचा थर तांबूस, नखाएवढा जाड.
त्याच्याखाली काळं.
कुजक्या अंड्याचा वास आला
की रुकय्या चार पावलं बाजूला सरकते,
इथे तिसरी नसते, हे तिच्या टाचेला ठाऊक आहे.
मी मात्र तिथेच बसते.
कुप्या काठोकाठ भरते,
बुचाखाली एक बुडबुडा ठेवत नाही.
आत जे आहे त्याला आपली हवा सोसत नाही.

रात्री पावसच्या कॉलेजात, शिपायाकडून मागून घेतलेल्या किल्लीनं
उघडलेल्या खोलीत, भिंगाखाली ते येतं:
एकच पेशी,
पिळलेल्या वातीसारखी, अंगभर केस,
आणि सगळे केस वल्ह्यांसारखे एका तालात.

फार मागची गोष्ट.
पाण्यात प्राणवायू नवानवा मिसळत होता
आणि बहुतेकांना जाळत होता.
तेव्हा एका पेशीत दुसरी आली.
गिळली असेल, शिरली असेल,
पंचनामा कोणी केला नाही.
एवढंच कळतं की पचली नाही.
राहिली.
ती जाळ खायला शिकलेली होती.
जाळातून जे निघे, त्यातला खंड
मालकाच्या दारात रोज मोजून टाकायची.

मग हळूहळू कागद फिरले.
तिची एकेक नोंद
मालकाच्या पेटीत जाऊन पडली.
तुमच्या-माझ्या पेशीत अजून
सदतीस तेवढ्या तिच्या नावावर आहेत,
आईकडून आलेल्या.
ह्या केसाळाच्या पोटातल्या कुळाकडे
चार चिठोऱ्या उरल्या असतील.
त्याच्या भाऊबंदांत कुणाकुणाकडे तेवढंही नाही.
सातबारा कोरा, आणि तरी राबणं चालूच.

आमच्या आठ गुंठ्यांवर आजोबांचं नाव
"इतर हक्क" ह्या रकान्यात होतं,
पेन्सिलीनं.
बाबा तो उतारा उजेडात धरून बघत,
खोडलंय की पुसट झालंय.
हे मी कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही.

तर, हे घराणं पुन्हा चिखलात उतरलं,
जिथे जाळायला हवाच नाही.
भट्टी विझली.
कुळाला हाकललं असतं तर चाललं असतं, असं वाटतं.
नाही हाकललं.
त्यानं धंदा बदलला, आता हायड्रोजन काढतं,
आणि तो खायला शेजारी आणखी एक बिऱ्हाड आलंय,
कुळाचं कूळ,
जांभळा दिवा टाकला की
निळसर चमकतं,
जाळ्यात रात्री मासळी चमकते तसं.

मी ते निळं मोजत होते. अठ्ठावीस, एकोणतीस.
काचेच्या कडेला व्हॅसलीन नीट बसलं नव्हतं.
हवा आत आली.
आधी केसांचा ताल चुकला,
मग ते एकाच जागी गरगरलं,
मग एका बाजूने उसवलं
आणि आतले सगळे भाडेकरू
पाण्यात मोकळे झाले.

सकाळी रुकय्या म्हणाली, "मेलं कशानं?"
हवेनं.
ती हसली, इतकी की पाटी हलली.
मग थांबून म्हणाली,
"माझा लेक कुवेतला आहे.
तो पण म्हणतो, इकडची हवा आता बाधते."

पाणी चढायला लागलं होतं.
तिच्या पावलांच्या खड्ड्यांतून
बुडबुडे येत होते, एक, मग बराच वेळ काही नाही,
मग दोन.
पाटी डोक्यावर घेऊन ती धापा टाकत दरड चढली,
वर पोचल्यावर मला हाक मारली,
कशासाठी ते वाऱ्यात ऐकू आलं नाही.

तिसऱ्या कुपीत, बुचाखाली,
एक बुडबुडा राहून गेला होता.
बूच काढलं. पुन्हा भरली.