पाणी मुरतं

मध्यंतराला पंचांच्या खोलीत गरम पाणी मी नेते.
अठरा वर्षं झाली. येर्बाची कडू पानं, चार कप,
आणि बूड काळं पडलेली ही किटली.

त्या रविवारी शून्य-शून्य होतं.
परानावरून वारा सुटलेला,
कोपऱ्यातला झेंडा सारखा आमच्याच गोलकडे बोट दाखवत होता.
पंच ओकाम्पो बाकावर बसून बुटाची नाडी सैल करत होता.
एरवी शेजारच्या गावात घरोघर विजेचे मीटर वाचतो तो,
कुत्र्यांना भितो.

दार न वाजवता लीगचे सेक्रेटरी आत आले.
सेन्योर इरिबार्ने. सगळ्या मैदानात गुडघाभर चिखल,
त्यांच्या बुटांना मात्र तो कधी लागत नाही.
म्हणाले, "आई कशी आहे?"
ओकाम्पो म्हणाला, "बरी आहे. गुडघे तेवढे दुखतात."
"जपा."
आणि गेले.
दोन कप भरून झाले होते माझे, तिसरा अर्धा.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी.
एस्तानिसच्या हाताला चेंडू लागला म्हणे.
मी तेव्हा नळावर कप विसळत होते,
नुसती शिट्टी ऐकली
आणि मग अख्ख्या गावाचा श्वास.

रात्री क्लबच्या मागे निखाऱ्यांवर मांस करपत होतं,
कुणी उलटत नव्हतं. सगळे माझ्याभोवती.
दार किती वेळ बंद होतं? पाकीट होतं?
हात कुठल्या खिशाकडे गेला, डाव्या की उजव्या?
मी सांगितलं: आई कशी आहे, एवढंच विचारलं.

तार्सिसिओ खाटकाने सुरी पुसली.
"आई कशी आहे," तो हळू म्हणाला. "आई. कशी. आहे."
मग म्हणाला, "इथे पाणी मुरतंय,"
आणि सगळ्यांनी माझ्या किटलीकडे पाहिलं.

त्यांना वेडं म्हणू नका.
लीगचं ऑफिस मोठ्या क्लबच्या दुकानावरच्या माडीत आहे,
भाडं कोण भरतं ते कुणी विचारत नाही.
नव्वद साली आमची तक्रार ज्या वहीत लिहिली
त्या वहीचं तेवढंच पान उंदरांनी खाल्लं.
निवडक वाचणारे उंदीर.

कुणी म्हणालं, ही धमकी. कुणी म्हणालं, खूण.
म्हातारीची पेन्शन साहेबांच्या सहीने निघते,
नाही, म्हातारीला दवाखाना साहेबांनी मिळवून दिला,
नाही, त्याला आईच नाही.
मध्यरात्रीपर्यंत ओकाम्पोच्या आईला
तीन घरं झाली होती आणि दोन मरणं.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा
लाकडी स्टँडवरून दीडशे गळ्यांनी विचारलं,
आई कशी आहे?
थ्रो-इनला, कॉर्नरला, नाणं उडवताना.
पोरं हसत होती. मीही हसले, खोटं कशाला.

ऑगस्टच्या थंडीत ती खरंच गेली.
आम्हाला ठाऊक नव्हतं.
तो शनिवारी तिला पोचवून रविवारी शिट्टी घेऊन आला,
दंडावर काळी पट्टी, आम्हाला वाटलं कप्तानाची नक्कल करतोय.
स्टँडने विचारलं.
त्याने शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही,
आणि चेंडू एकटाच रेषेबाहेर घरंगळत गेला.

मध्यंतराला त्याने कपाला हात लावला नाही.
पाण्याकडे पाहत राहिला,
मीटरच्या आकड्याकडे पाहावं तसा.
मी काही बोलणार होते. काय बोलणार होते?
"जपा" म्हणजे आईला जपा, की स्वतःला,
मला अजून माहीत नाही. मी तिथे होते.

परवा सेन्योर इरिबार्ने मैदानाच्या फाटकात भेटले.
टोपी उचलून म्हणाले,
"एल्विरा, पाणी गरम आहे ना?"

हो म्हणाले.
घरी आले, दिवा मालवला,
आणि पहाटेपर्यंत
त्या एका वाक्याची शिवण उसवत बसले.