उसनी तहान

मिस्केच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत
मी किडे पाळते.
पगारपत्रकावर ‘सहायक’ लिहिलंय,
पण काम हेच: बरण्या, जाळीचं कापड, घड्या घातलेला कागद,
आणि दर पंधरवड्याला एक कोंबडी,
पाय बांधून, पंखाखालची पिसं बाजूला सारून.
कोंबडीच्या रक्तात तो जंतू तग धरत नाही.
म्हणून माझे किडे निर्मळ.

विंचुका. नांगी नाही, विष नाही, दुखतही नाही.
क्वेचुआत या नावाचा अर्थ, म्हातारे सांगतात,
स्वतःला सोडून देणारी.
दिवा विझला की छपराच्या गवतातून
ती स्वतःला सोडून देते
झोपलेल्याच्या तोंडावर,
पोटभर पिते, आणि तिथेच घाण करून जाते.
माणूस झोपेत खाजवतो.
दार त्याचं तोच उघडतो.

आत शिरलेला तो: माहेर किड्याचं पोट,
सासर माणसाचं काळीज.
उंबरठा ओलांडताना शेपूट काढून ठेवतो,
गोल होतो, गप्प होतो,
एकाचे दोन, दोनाचे चार,
भिंत फुटेपर्यंत.
मग पुन्हा शेपूट लावून
शेजारच्या घरी.
थोडा ताप येतो. जातो.
आणि मग वीस वर्षं काहीच नाही.
लग्न, मुलं, मका, बटाटे, ट्रकच्या पाठीवरचे बाजार.
काहीच नाही.

डोन्या एउलोहिया आली दोन ट्रक बदलून.
फोटोत तिचं हृदय
भोपळ्यासारखं एका कुशीवर कललेलं.
नाडी अडतीस.
जिना चढताना ती मध्येच थांबे
आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्याचं दाखवी.

मी तिच्या हातावर बरण्या बांधल्या, जाळीची बाजू खाली.
चार बरण्या, चाळीस किडे, तीन आठवड्यांचे उपाशी.
अर्धा तास.
तिने मान वळवली नाही. बघत राहिली
चपट्या पोटांचे मणी होताना.
म्हणाली, “चाळीस वर्षं फुकट पाजलं यांना.
आज निदान कुणीतरी वेळ मोजतंय.”
मग, बाही खाली ओढताना,
“पोटं भरली का सगळ्यांची?”

तिचा मुलगा विदाल बाहेर उभा होता,
नखांत चुना.
घराच्या भिंती लिंपून झाल्या, म्हणाला,
आता पत्रे आणायचेत.
आईचं कसं, ते त्याने विचारलं नाही.
पत्र्याचा भाव मात्र दोनदा सांगितला.

साठ दिवसांनी किडा दाबायचा,
थेंब काचेवर, काच भिंगाखाली.
पहिला: काही नाही. दहावा: काही नाही.
छत्तीस किडे कोरडे निघाले.
मलाच वाटायला लागलं, नसेल.
नसणं आणि न सापडणं
भिंगाखाली अगदी सारखे दिसतात.
सदतिसाव्यात हललं.
गवताची काडी फुंकरीने हलावी, एवढंच.
त्याला काय ठाऊक भोपळा, जिना, कॅलेंडर.
तो फक्त वाट शोधत होता.

मी वहीत आकडा लिहिला, हात धुतले.

आणि हे कुणाला सांगत नाही:
सहा वर्षांची असताना माझा डावा डोळा सुजला होता.
आईने कोकाचा पाला चावून बांधला,
आठवड्यात उतरला, सगळे हसले.
आमचंही घर मातीचंच होतं.
अठरा वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या हातांवर बरण्या बांधते.

गेल्या महिन्यात एक बरणी उरली होती.
दहा किडे, कागदाला चिकटलेले, भुकेने पारदर्शक.
वहीत मी लिहिलं: कोंबडी आजारी,
आज पाजलं नाही.
दाराला कडी लावली.
खिडकीत संध्याकाळचं ऊन होतं, कोपरापर्यंत.

त्या बरणीवर नाव नाही.
फक्त तारीख आहे.
अजून एकवीस दिवस.