साडेअठ्ठावीस

दौलतगंजात, गजकच्या दुकानावर माझी खोली.
खाली तीळ कुटतात, वर मी लग्न निवडते :
इंदापूरकरांच्या रेणूचं, दोन हजार तीनशे बारा फोटो,
जानेवारीअखेरचं, सकाळच्या मुहूर्ताचं,
कोहरा इतका की माधौगंजच्या कार्यालयाच्या अंगणात
नवरदेवाआधी घोडीचा श्वास दिसला.

आधी गाळायचे मिटल्या डोळ्यांचे,
मग घास तोंडात असलेले,
मग गुरुजी मोबाइलवर बोलतानाचे.
(त्यातला एक ठेवला. चांगला होता.)
मग रंग. हॅलोजनने सगळ्यांना कावीळ होते,
ती उतरवायची
आणि हळद राहू द्यायची.

तिसऱ्या रात्री लक्षात आलं,
पुन्हा पुन्हा डाव्या काठाशी कुणीतरी संपतंय.
एक कोपर. मोरपंखी पदराचं टोक.
ताटाखाली चार बोटं, ताट धरणारी कुणी नाही.
नवरीमागे कऱ्हा घेऊन उभी ती आठ वर्षांची भाची,
कऱ्हा तिला जड,
आणि तो सावरायला आलेला एक हात,
मनगटापर्यंत.

चारुता. रेणूची मोठी बहीण.
हनुवटीपासून गळ्यावर उतरलेलं कोड,
कडा नीट आखल्यासारख्या.
मी तिला बाहेर ठेवलं नव्हतं, शपथेवर सांगते.
माझी चौकट कुठे संपते
ते तिला माझ्याआधी कळत होतं.
मुनव्वर लाइट फिरवायचा, मी लेन्स बदलायचे,
आणि ती, न बघता,
एक पाऊल सरकायची.

रेणूच्या आईचा निरोप : काठ जरा कापून घ्याल ना,
नीटनेटकं दिसेल.
नीटनेटकं, एवढंच म्हणाल्या.

एकच पूर्ण आहे.
शेवटच्या सावधानला अक्षतांचा मारा झाला,
सगळ्यांनी माना खाली घातल्या,
कॅमेऱ्याने गोंधळून मागचा चेहरा धरला.
नवरानवरी धूसर, तांदूळ हवेत,
आणि मधोमध चारुता,
सरळ माझ्याकडे बघणारी,
हसू आवरायचं राहून गेलेली.

त्वचा एकसारखी करायची एक पट्टी असते.
सरकवली. खोटं कशाला बोलू.
कोड विरघळत गेलं, साठ, सत्तर,
नव्वदला जी बाई उरली
तिला मी कधी भेटले नव्हते.
मागे घेतलं.
खाली तिळावर मोगऱ्या पडतच होत्या.

पेन ड्राइव्ह न्यायला तीच आली.
मफलर सोडला, खुर्चीच्या कडेवर टेकली,
मार्क विचारावेत तसं विचारलं,
"मी कितीत आलेय?"
म्हटलं, सत्तावन्नमध्ये. अर्धी अर्धी.
तिने हिशेब केला. "म्हणजे साडेअठ्ठावीस."
आणि हसली, तेच ते हसू.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवला.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
जिन्यात कुणीतरी पाव किलो गजकचा भाव करत होतं.
मग म्हणाली, "रेणू हललीय यात."
म्हटलं, हो.
"आई नाही घेणार."
म्हटलं, नाही.
तिने पर्स उघडली.
"चार बाय सहाचे किती घेता?"