लिलावातली गाडी

एक लाख दहा हजाराला सुटली.
वरचा दिवा त्यांनी काढून घेतला, सायरन विसरले.
बाजूचं नाव मी पॉलिश पेपरनं घासलं,
तरी ऊन तिरपं आलं की
'रुग्णवा' एवढं वाचता येतंच.

अकरा वर्षं हीच चालवली मी.
निर्मला एकदाही बसली नाही.
"जित्या पायानं कोण चढते जी तिच्यात?"

मोमिनपुऱ्यात मुख्तार मिस्त्रीनं
स्ट्रेचरच्या रुळांवर दिवाण बसवला.
सलाईनच्या हुकाला कंदील.
सिलेंडरच्या कड्यात पाच किलोचा गॅस
असा मापात गेला की दोघंही
जरा वेळ काही बोललो नाही.

बेत माझा आहे, पेन्सिल तिची,
कागद म्हणजे मागल्या वर्षाच्या कॅलेंडरची पाठ.
नाग नदी जिथून निघते तिथून निघायचं,
लाव्याच्या टेकडीपासून.
शहरात तिला भिंती आहेत, काठ नाही,
तर पुलापुलानं जायचं.
"ते नदी आहे?"
नंदनवनात एकवीस वर्षं राहून
तिनं या पाण्याचा फक्त वास पाहिलेला.
नदी आहे म्हटलं. पुढे कन्हानला मिळते,
कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत.
आपल्या खरकट्या भांड्यांचं पाणी
आपल्याआधी कितीदा तिथं पोचलंय.

मुक्कामाच्या जागा मला पाठ आहेत,
फक्त दुसऱ्याच कारणांनी.
मौद्याजवळचा ढाबा:
मालकाचा भाऊ अर्ध्या वाटेत शुद्धीवर आला होता,
आल्या आल्या चहा मागितला.
कुहीला शाळेचं पटांगण:
गजभिये सरांची मुलगी
पुलावर, माझ्या आरशात जन्मली.
परत येताना पाचगाववरून नाही.
तिनं लिहिलं, पाचगाव नाही.
का, ते विचारलं नाही.

अडलं ते संडासाच्या पेटीवर.
"हे भरली का कुठं रिकामी करता?"
शहर करतं तिथंच, मी म्हणालो.
पेन्सिल थांबली.
"मंग त्या नदीले पाहाले
कायले जाऊन राहिलो आपण?"
दोन दिवस कॅलेंडर खिळ्याला उलटं लटकलं.
तिसऱ्या दिवशी आरामशीनवरून
ती भुशाचं पोतं घेऊन आली, रिक्षात,
मांडीवर फावडं.

जानेवारीच्या थंडीत
एक रात्र करून पाहायचं ठरलं,
बिल्डिंगच्या खालीच.
उशी छातीशी धरून ती दारात उभी राहिली,
मी तोंड फिरवून टायर पाहत बसलो.
पायरी वाजली तेव्हा वळलो.

दोन वाजता काचेवर टॉर्च.
वॉचमन: "काका, कोणी सिरियस आहे का?"
नाही रे, मी म्हणालो, आम्ही फिरायला निघालो.
निर्मला हसली, खोकला येईतो हसली,
मग अंधारात म्हणाली,
"इथं किती लोक झोपले असतील?"
मोजले नाहीत.
तिनं उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली,
जिकडे पाय असायचे तिकडे,
आणि मला वाटलं, झोपली.

"पाचगाव कायले नाही?"

सांगितलं. सगळं नाही.
पाण्याच्या टाकीत थेंब थेंब गळत होतं कुठेतरी,
मुख्तारला दाखवावं लागेल.

सकाळी चहा ठेवताना पाहिलं तर
कॅलेंडरवर 'पाचगाव नाही'मधला 'नाही' खोडलेला.
पाचगाव, पाच मिनिटं, गाडी बंद करून.
त्याखाली:
निंबू, मच्छरदाणी, चुना एक किलो,
सायरनची वायर तोडणे?