सभासद वगळा

तांबळडेगच्या बर्फ कारखान्यात, कॉम्प्रेसरमागच्या फळीवर
एक जुना संगणक चोवीस तास घुरघुरतो.
तो आमचा सर्व्हर.
आचऱ्याचा शाळेत, जुलेखा मुजावरच्या कपाटात.
निवतीचा फ्रान्सिसच्या बेकरीत,
भट्टीपासून सहा हात लांब, मी स्वतः मोजून ठेवलेला.

तीन गावं, तीन पेट्या, सगळ्यांचा असा मालक कुणीच नाही.
इथला निरोप तिथे पोचतो, एवढं जमलंय.
अडलंय ते एका शब्दावर: गट.

निवतीच्या लेखी गट म्हणजे यादी.
आचऱ्याच्या लेखी खोली; आत असेल तो आतला.
आमच्याकडे अजून रिकामी फाईल
आणि तिच्या तोंडाशी लुकलुकणारी रेघ.
फ्रान्सिस म्हणतो, आधी पक्कं ठरवा, मग जुळवू.
जुलेखा म्हणते, जुळवायला घ्या, ठरेल हळूहळू.
मी दोघांना हो म्हणते
आणि किनाऱ्यावर जाते, कारण आज रापण आहे.

दोन दोर, मध्ये समुद्र.
त्या टोकाची माणसं इथून मुठीएवढी दिसतात,
पण ओढ सारखी लागते.
एक बाजू धावली की जाळं कलतं
आणि बांगडा दुसऱ्या अंगानं निघून जातो.
भालू तांडेलला विचारलं, तुमचे सभासद किती?
तो हसला. ‘यादी खंयची गे?
जो दोराक हात लायता, तेका वाटो.’
सुट्टीवर आलेल्या कुणा पोरानंही हात लावला होता;
त्याला सात पेडवे मिळाले, ते कशात न्यायचे त्याला कळेना.

मी हातावर पेनानं लिहिलं: हात लावला = आत.
घरी येईस्तोवर घामानं पुसलं.

कारण बाहेर काढायचं काय?
जगूकाकानं सोसायटीच्या हिशोबावर बोट ठेवलं
आणि वाडीनं त्याला वाळीत टाकलं.
दोराला हात लावायला गेला, तर दोर सोडून सगळे उभे राहिले.
मग तो तरीतून खाडीपलीकडे गेला, तिथली रापण ओढायला,
तर तिथेही त्याच्याआधी बातमी पोचलेली.
ना तार, ना टेलिफोन.
गावागावांचं इतकं चोख जुळलेलं
मी तरी अजून काही बांधू शकलेले नाही.

आणि फ्रान्सिसच्या मसुद्यात तेच आहे, कलम चार:
एकानं वगळला, तो सगळीकडे वगळला.
मी भांडायला फोन लावला.
त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला,
मे महिन्यात माझ्या भाचीला घाणेरडे फोटो धाडणारा,
त्याला आम्ही रात्रीत काढला,
सकाळी तो आचऱ्याच्या दारानं परत आत.
तिनं फोन उघडणंच सोडलंय. सांग, तिला काय सांगू?

मला सांगता आलं नाही.
कॉम्प्रेसर बंद पडला, चालू झाला.

पहाटेपर्यंत एवढंच लिहून झालं:
काढल्याची बातमी जाईल, पण एकटी जाणार नाही;
कुणी काढलं आणि का, हे तिच्या पदरात बांधलेलं असेल.
दार लावायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.
भाचीचं दार तिच्याच हाती, गाव काहीही म्हणो.
आणि जाणाऱ्याला त्याचं बोलणं, त्याची माणसं
गाठोडं करून नेता येतील.
पुरेसं आहे का, माहीत नाही. जुलेखानं अंगठा पाठवला,
फ्रान्सिसनं काहीच नाही.

जगूकाका आता एक्याऐंशीचा, उजव्या डोळ्यात फूल.
पडवीत त्याला फोन दाखवला:
हे बघ, इथे माणूस घ्यायचा, इथे काढायचा.
पडदा नाकाशी धरून त्यानं ते तांबडं बटण नीट न्याहाळलं,
त्याला बोट मात्र लावलं नाही.
मग अंगठ्यानं काच वर सारली, खाली सारली,
काहीतरी शोधत राहिला.

‘आणि परत घेवचां बटण खंय आसा?’

ते मी केलंच नव्हतं.