अंगचोर

क्वारेस्मासाहेब चाकू मोजून द्यायचे.
सकाळी बेचाळीस, संध्याकाळी बेचाळीस.
मधल्या वेळात आम्ही सार्डिनची मुंडकी उडवायचो,
आतडी ओढायचो, डबे भरायचो,
आणि ते वरच्या काचेच्या खोलीतून
आम्हांला पाण्यात पाहायचे.

ओल्यांवच्या धक्क्याला होडी लागली की भोंगा.
रात्रीचे तीन असोत, नाताळ असो,
ओला एप्रन बांधायचा आणि पळायचं.
संडासाला जायचं तर लाकडी बिल्ला घ्यायचा,
बेचाळीस बायकांत एकच बिल्ला,
कुणाच्या ना कुणाच्या हाताने कोमट झालेला.

त्यांचं म्हणणं साधं होतं:
माणूस म्हणजे चढावरची हातगाडी,
ढकलणं थांबवलं की मागे येणार.

खोटं कशाला सांगू, आम्ही आलोच मागे.
देओलिंदा बिल्ला घेऊन गेली
की अख्खी सिगरेट संपवूनच परतायची.
मी फुटके मासे तळाशी दडपून
वर एक देखणा ठेवायचे.
सगळं हातचं राखून.
चाकू कुणी एकही चोरला नाही.
चोरलं ते फक्त अंग,
आपलंच, आपल्याच हाडांवरून,
रोज थोडं थोडं,
घरी पोरांसाठी न्यायला.

साहेब वहीत टिपायचे.
वही त्यांचं सगळं खरं करायची.

मग त्यांचं काळीज दुखलं
आणि इल्दा वास्कोन्सेलुस आली.
चाकूंच्या कपाटाची किल्ली तिने
मिठाच्या पिंपाशेजारी खिळ्याला अडकवली.
बिल्ला उलटसुलट करून विचारलं, हे काय?
आमच्यातल्या एकीलाही सांगवेना.
तिने तो डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.

पहिल्याच आठवड्यात तीन चाकू गेले.
आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.
काचेमागे कुणी नव्हतं.
ती खाली फिलोमेनाला विचारत होती,
तेल गढूळ का होतंय?
फिलोमेनाला एकोणीस वर्षांत
कुणी काही विचारलं नव्हतं.
ती आधी चिडली.
मग म्हणाली, मासा नीट निथळू देत नाही तुम्ही,
घाई असते ना तुम्हांला.
दुसऱ्या दिवशी जाळ्या अर्धा तास जास्त टांगल्या.

दोन चाकू परत आले, कसे ते ठाऊक नाही.
तिसरा कुणाच्या तरी घरी पाव कापत असेल.
देओलिंदा अजून सिगरेट ओढायची,
पण अर्धी विझवून कानामागे खोचून यायची.
आणि पगार?
मी इल्दाला तोंडावर सांगितलं,
विश्वास पावाला लावून खाता येत नाही, बाई.
ती हसली.
पगार वाढायला मार्च उजाडला.

आता काचेच्या खोलीत मी असते.
गुडघ्यांनी वर पाठवलं, अकलेने नव्हे.
खाली नवी पोरगी आहे, केप व्हर्दची, जासिरा.
काल ती सात मिनिटं उशिरा आली.
सात. म्हणजे मी घड्याळ पाहिलं होतं.
काचेत माझ्या ओठांवर
क्वारेस्मासाहेबांच्या मिशा उगवलेल्या दिसल्या.

तेवढ्यात तिने मान वर केली,
आणि तिचे हात मंदावले.
माझ्या डोळ्यांसमोर मंदावले.
मी अजून काही बोललेही नव्हते,
तरी ओलं पोतं खांद्यावर पडावं
तशी ती वाकली.

मी जिना उतरले. काय बोलावं सुचेना.
चाकू घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले.
ती सरकली,
माझ्या कोपराला पुरेल इतकीच.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
तुम्ही फार खोल कापता,
मांस वाया जातं.
मी म्हटलं, दाखव.

संध्याकाळी चाकू एकेचाळीस भरले.
मी मोजले,
हे कुणाला सांगू नका.